बटईवरचे जंतू

सोयाबीन महिनाभराचं झालं की एक झाड मुळासकट काढून बघावं. उपटू मात्र नका. उपटलं की जे बघायचं तेच नेमकं मातीत राहतं. खुरप्यानं झाडाभोवती वीतभर खोल माती सैल करा, ढेकळासकट झाड उचला आणि बादलीभर पाण्यात सावकाश हलवा. आपली काळी माती चिवट, दोन-तीनदा पाणी बदलावं लागेल. माती सुटली की सोटमुळाच्या वरच्या भागाला आणि आजूबाजूच्या फाट्यांना ज्वारीच्या दाण्याएवढ्या, कुठं मुगाएवढ्या गोल गाठी चिकटलेल्या दिसतात.

पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, रोग पडला. ‘काहून बापा, आता मुळावर फवारू का?’ असं विचारणारेही भेटतात. फवारायचं काही नाही. सूत्रकृमीमुळंही मुळांना गाठी येतात, त्या वेगळ्या. त्यात मूळच सुजतं आणि गाठ मुळापासून सुटत नाही. सोयाबीनची ही गाठ बाजूला चिकटलेली असते, बोटानं दाबली की अलगद निघून येते. अशी एक गाठ घ्या आणि नखानं मधोमध कापा. आतून ती गुलाबी, कधी चक्क रक्तासारखी लाल निघाली तर पीक नत्राच्या बाबतीत सुखात आहे. आत पांढरी असेल तर काम अजून सुरू झालेलं नाही, किंवा आत बसलेला जंतू काही कामाचा नाही. हिरवट-तपकिरी असेल तर तिचं आयुष्य संपलं. माती परीक्षणाच्या कागदापेक्षा हे नखाचं परीक्षण मला जास्त आवडतं. एक तर फुकट आहे आणि उत्तर तिथल्या तिथं मिळतं.

त्या गाठीत लाखो-कोटी जिवाणू राहतात. रायझोबियम कुळातले. हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे, म्हणजे पिकाच्या डोक्यावर नत्राचा महासाठा आहे, पण कोणत्याही झाडाला तो थेट घेता येत नाही. हवेतल्या नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की त्यांना सोडवायला युरियाच्या कारखान्यात चारशे अंशांहून जास्त उष्णता आणि हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब लावावा लागतो. रायझोबियम तेच काम वावराच्या ओल्या मातीत, साध्या तापमानाला करतो. नायट्रोजिनेज नावाचं विकर त्याच्याकडे आहे. पण काम स्वस्तात होत नाही. पेशीत ऊर्जेची देवाणघेवाण एटीपी नावाच्या रेणूंमधून चालते. नायट्रोजनचा एक रेणू फोडायला असे किमान 16 रेणू खर्ची पडतात. तो खर्च झाड देतं, पानांत तयार झालेल्या साखरेतून.

आता अडचण बघा. एवढी ऊर्जा तयार करायची तर जिवाणूला प्राणवायू हवा. आणि नायट्रोजिनेजला प्राणवायू लागला की ते कायमचं निकामी होतं. हवाही हवी आणि हवा लागूही नये, असं हे दुखणं. त्यावर झाडानं काढलेला तोडगा म्हणजे तो गुलाबी रंग. गाठीत झाड लेगहिमोग्लोबिन तयार करतं. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचंच हे भावंड, यातही लोह असतं. ते प्राणवायूला पकडून ठेवतं आणि जिवाणूला लागेल तेवढाच, मोजून पोचवतं. मोकळा प्राणवायू गाठीत जवळपास राहतच नाही. वावरात चार दिवस पाणी साचलं की सोयाबीन पिवळं पडतं, त्याच्या कारणांपैकी एक इथं आहे: चिखलात हवा जात नाही, गाठीला श्वास मिळत नाही आणि नत्राचं काम मंदावतं.

जिवाणू मुळात शिरतो कसा, हेही बघण्यासारखं आहे. नत्राची टंचाई असलेलं मूळ मातीत काही विशिष्ट रसायनं सोडतं. आसपासच्या योग्य रायझोबियमला ती समजतात आणि तो उलट आपलं रसायन सोडतो. ते ओळखीचं निघालं तर मुळाचा केस वाकतो, जिवाणूला कवेत घेतो आणि आत एक बारीक नळी तयार करतो. त्या नळीतून जिवाणू मुळाच्या आतल्या पेशींपर्यंत जातात, तिथं गाठ उठते. इतक्या तपासण्या यासाठी की मुळाभोवतीच्या मातीत चिमूटभरात कोट्यवधी जंतू असतात आणि त्यातले काही मूळ कुजवायलाच टपलेले असतात.

ओळख पटली म्हणजे भरवसा बसला, असं नाही. गावात ज्यांनी बटईनं वावर दिलं किंवा घेतलं आहे त्यांना हे जास्त चांगलं कळेल. बटईचा व्यवहार माणुसकीवर चालतो असं आपण म्हणतो खरं, पण दिवाळीनंतर हिशेब होतोच, आणि ज्यानं डवरणी वेळेवर केली नाही त्याला पुढच्या साली वावर मिळत नाही. सोयाबीनही हिशेब ठेवतं. 2003 साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या टोबी किअर्स आणि सहकाऱ्यांनी यावर एक झकास प्रयोग केला. त्यांनी काही मुळांभोवतीच्या हवेतून नायट्रोजनच काढून टाकला आणि त्या जागी आर्गॉन हा निष्क्रिय वायू भरला. म्हणजे जिवाणू एरवी प्रामाणिक, पण आता इच्छा असूनही नत्र देऊ शकत नाहीत. झाडाला वाटलं, हे कामचुकार. झाडानं अशा गाठींचा प्राणवायू तोडला. त्या गाठींतल्या जिवाणूंची वाढ शेजारच्या चालू गाठींच्या मानानं निम्म्यावर आली. एकाच झाडाच्या एका गाठीला शिक्षा आणि दुसरीला नाही, इतका तो हिशेब बारीक होता.

पुस्तकांत सहजीवनाचा धडा बहुधा फार गोड लिहिलेला असतो: दोघं एकमेकांना मदत करतात, निसर्ग किती सुंदर. मला ते अर्धवट वाटतं. मदत होते, पण ती मोजून होते. युरिया टाकून हे पडताळता येतं. सोयाबीनला पेरणीच्या वेळी थोडा नत्र चालतो, पण कोणी पीक हिरवंगार दिसावं म्हणून वरून युरियाच्या मुठी मारल्या तर झाड गाठी कमी करतं आणि असलेल्यांचं काम थंडावतं. मातीतच आयता नत्र मिळत असताना साखर खर्चून जिवाणू कोण पोसणार? म्हणजे कास्तकार पैसे खर्चून जे आणतो, ते फुकट मिळणाऱ्याच्या जागी जाऊन बसतं.

हे गाठींचं गुपित माणसाला तसं उशिरा कळलं. डाळवर्गीय पिकानंतर वावर सुधारतं हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं, पऱ्हाटीत तुरीचं तास टाकायची रीत त्यातूनच बळकट झाली असावी. पण कारण सिद्ध केलं जर्मनीतल्या हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी, 1886 मध्ये. दोनच वर्षांनी नेदरलँड्‌समधल्या बायजेरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा काढून वाढवून दाखवला.

तूर आपल्याच मातीतली, तिचे जिवाणू विदर्भाच्या वावरांत आधीपासून होते. मूग, उडीद, चवळीलाही तेच चालतात. सोयाबीन मात्र पाहुणं. गेल्या तीन-चार दशकांत ते इथं पसरलं आणि त्याचा जोडीदार ब्रॅडिरायझोबियम आपल्या मातीत मुळात पुरेसा नव्हता. हरभऱ्याचा आणखी निराळा. म्हणून कृषी केंद्रात जिवाणू संवर्धकाची पाकिटं पिकाप्रमाणे वेगळी असतात आणि सोयाबीनचं उरलेलं पाकीट रब्बीत हरभऱ्याला लावून उपयोग नाही. दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅम हे नेहमीचं प्रमाण. गुळाचं पाणी करायचं, ते पुरतं थंड होऊ द्यायचं, त्यात पावडर कालवून बियाण्याला हलक्या हातानं चोळायची (सोयाबीनचं साल नाजूक असतं, जोरात चोळलं तर उगवण जाते) आणि सावलीत सुकवून लगेच पेरायचं. बुरशीनाशक आणि कीटकनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. हा क्रम उलटा करणारे पुष्कळ आहेत, आणि मग ‘पाकिटात काही दम नाही’ म्हणतात. कधीकधी खरोखरच नसतो. पाकिटात जिवंत प्राणी आहेत, आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत पत्र्याच्या गोदामात ठेवलेलं पाकीट जूनमध्ये नुसती काळी भुकटी असते. मुदतीची तारीख बघताना ते कुठं ठेवलं होतं हेही विचारावं.

सोयाबीनचा हा करार दरवर्षी नव्यानं होतो. बियाण्यातून जिवाणू येत नाही. प्रत्येक रोपाला मातीतून आपला जोडीदार शोधावा लागतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट त्यावरच उभी आहे. जोडीदार कुठून मिळतो, यावर नातं कसं राहतं हे ठरतं.

गोठ्यात या. गाय कडबा खाते, कुटार खाते, तणस खाते, पण या सगळ्यात जो मुख्य भाग, सेल्युलोज, तो पचवणारं विकर गायीच्या शरीरात तयारच होत नाही. ते काम तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, रुमेनमधले जंतू करतात. धिप्पाड जनावरात या कप्प्यात शंभर लिटरहून जास्त मावतं. आत अंधार, सुमारे 39 अंश तापमान, प्राणवायू नाही, आणि त्या रसाच्या एका मिलीलिटरमध्ये हजार कोटींच्या घरात जिवाणू. शिवाय एकपेशीय प्राणी आणि बुरशी. हे जंतू कडबा कुजवतात, त्यातून आम्लं तयार होतात, ती रुमेनच्या भिंतीतून रक्तात जातात आणि गायीची सत्तर टक्क्यांच्या आसपास ऊर्जा त्यातूनच भागते. जंतूंच्याच एका जातीकडून मिथेन निघतो, तो गाय ढेकरेनं बाहेर टाकते.

इथं बटईची उपमा मोडते, कारण इथं मालक बटईदारालाच खातो. रुमेनमध्ये वाढलेले जंतू चाऱ्याबरोबर पुढं सरकतात आणि चौथ्या कप्प्यात, जिथं आपल्यासारखं आम्ल पाझरतं, तिथं पचतात. जिवाणूंची भिंत फोडणारं विकर गाय मुद्दाम तिथं सोडते. गायीला मिळणाऱ्या प्रथिनांपैकी बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त हे जंतूंचं मांस असतं. म्हणजे शाकाहारी गाय रोज किलोच्या मापात जंतू खाते. त्यांना याची तक्रार नाही, कारण खाल्ले गेले त्यांपेक्षा कितीतरी जास्त तोवर मागं वाढलेले असतात.

हे समजलं की लग्नाच्या पंगतीतलं उरलेलं अन्न गुरांना घालणं किती महागात पडतं तेही समजतं. भात, पोळ्या, बुंदी एकदम टोपलंभर पोटात गेलं की पिष्ट आणि साखर खाणाऱ्या जंतूंची चंगळ होते, ते भराभर लॅक्टिक आम्ल तयार करतात, रुमेन आंबट होत जातं आणि कडबा पचवणारे जंतू मरतात. जनावर रवंथ सोडतं, बसून राहतं. उपचार वेळेत झाला नाही तर दगावतं. बरं होत असलेल्या जनावराला पशुवैद्यक कधीकधी निरोगी जनावराच्या रुमेनचा रस पाजतात, तो मेलेल्या जंतूंच्या जागी नवे पेरण्यासाठीच. खुराक बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला असं सांगतात, तेही जंतूंची वस्ती बदलायला वेळ लागतो म्हणून.

वासरू जन्मतं तेव्हा त्याचं रुमेन लहान आणि बिनकामाचं असतं. प्यायलेलं दूध रुमेनला वळसा घालून थेट चौथ्या कप्प्यात जातं. जंतू त्याला मिळतात आईच्या चाटण्यातून, तोंडातून, शेणातून, चाऱ्यातून. म्हणजे अर्धं आईकडून, अर्धं गोठ्यातून. माणसाच्या बाळाचंही जवळपास असंच आहे आणि तिथं एक गमतीची गोष्ट आहे. आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्धानंतर सर्वांत जास्त असणारा घन पदार्थ म्हणजे अशा साखरा, ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या बिफिडोबॅक्टेरियम नावाच्या जिवाणूंसाठी असतात. ते बाळाच्या आतड्यात जागा धरतात आणि घातक जंतूंना सहजी बसू देत नाहीत. आई बाळाला पाजते तेव्हा त्याच्या जंतूंनाही पाजते. पहिल्या दिवसांत घुटी, मध, गुळाचं पाणी देऊ नका असं आशाताई सांगतात त्याला संसर्गाचं कारण तर आहेच, पण हेही आहे. ओडिशातल्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांना एक निवडक लॅक्टोबॅसिलस जिवाणू आणि त्याचं खाद्य तोंडावाटे देऊन बघितलं गेलं. 2017 मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून 40 टक्क्यांनी कमी दिसले. यावरून कोणी दुकानातलं काहीबाही आणून बाळाला चाटवू नये. तो ठरावीक जिवाणू होता, डॉक्टरांच्या देखरेखीत दिलेला.

पऱ्हाटीच्या पानामागं बसणारा मावा दुसऱ्या टोकाला आहे. मावा झाडाच्या अन्ननलिकेतला रस पितो. त्या रसात साखर भरपूर आणि प्रथिनांची सामग्री अगदी तुटपुंजी. साखर जास्त होते म्हणून तो ती मागून टाकत राहतो. तोच चिकटा, ज्यावर काळी बुरशी चढते आणि ज्यामागं मुंगळे लागतात. पण नुसत्या साखरेवर अंग कसं वाढणार? माव्याच्या पोटात खास पेशी असतात आणि त्यांत बुखनेरा नावाचा जिवाणू राहतो. माव्याला स्वतः करता न येणारी अमिनो आम्लं तो करून देतो. प्रतिजैविकं देऊन हा जिवाणू मारला तर मावा खुरटतो आणि त्याची वीण थांबते.

हा जिवाणू मातीतून किंवा पानावरून मिळत नाही. मादीच्या पोटात पिल्लू तयार होतानाच तो आईकडून त्यात जातो. असं किमान पंधरा-सोळा कोटी वर्षं चालत आलं आहे, आणि इतक्या काळात बुखनेरानं आपलं बरंचसं गमावलं. त्याचा जवळचा नातलग ई. कोलाय, त्याची जनुकीय लिपी सुमारे 46 लाख अक्षरांची; बुखनेराची 2000 साली वाचली गेली तेव्हा ती साडेसहा लाखांच्याही आत भरली. बाहेर जगायला लागणारी जनुकं गेली, दुरुस्तीची बरीच गेली. तो माव्याबाहेर जगू शकत नाही, मावा त्याच्याशिवाय. इथं शिक्षा नाही, तपासणी नाही, कारण पर्यायच नाही. दोघांचं नशीब एकाच बियाण्यात बांधलेलं असल्यावर फसवून कोणाचं काय साधणार? पण सोयाबीन नाकर्त्याला वगळून दुसरा जोडीदार घेऊ शकतं, माव्याला ती सोय नाही. वाटाण्यावरच्या माव्यात असं दिसलं आहे की बुखनेराच्या लिपीतलं एक अक्षर बदललं की तो उष्णतेत टिकत नाही, आणि मग माव्याचंही पिल्लांचं गणित कोसळतं.

असं घट्ट नातं आपल्या वैऱ्यातही असू शकतं आणि तिथं ते आपल्याला उपयोगी पडतं. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा हत्तीरोगाचा पट्टा. गटारात वाढणारा क्युलेक्स डास तो पसरवतो, आणि रोग करणारा जंत सुतासारखा, माणसाच्या लसवाहिन्यांत वर्षानुवर्षं राहतो. या जंताच्या अंगात वोल्बाकिया नावाचा जिवाणू असतो, तोही आईकडून पिल्लात जाणारा. 1970 च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली जंताच्या पेशींत काही विचित्र कण दिसले होते. ते काय आहेत हे पक्कं व्हायला आणखी वीसेक वर्षं गेली. जंताला तो इतका लागतो की त्याच्याविना मादी जंताची वीण बंद पडते आणि वर्ष-दोन वर्षांत मोठे जंतही मरतात.

गंमत अशी की हाच वोल्बाकिया, वेगळ्या वाणाचा, क्युलेक्स डासातही असतो. 1924 साली तो पहिल्यांदा सापडला तो क्युलेक्समध्येच. तिथं तो उपकारी नाही, मतलबी आहे: त्याची लागण असलेल्या नराचा लागण नसलेल्या मादीशी संयोग झाला तर अंडी फुटतच नाहीत, म्हणजे शिल्लक राहतात त्या त्यालाच वाहून नेणाऱ्या माद्या. एकाच रोगाच्या साखळीत, डासात दांडगाई करणारा आणि जंतात जीव की प्राण असा हा एकच कुळातला जिवाणू. डेंग्यूच्या एडिस डासात तो निसर्गतः नसतो. प्रयोगशाळेत घातला तर डासात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. इंडोनेशियात योग्याकार्ता शहरात असे डास सोडून बघितले, तिथं डेंग्यू 77 टक्क्यांनी घटला.

हत्तीरोगाकडे परत. गावोगाव वाटल्या जाणाऱ्या गोळ्या मुख्यतः रक्तात फिरणारी जंताची पिल्लं मारतात. 2019 मध्ये नागपूर जिल्ह्यात दोनऐवजी तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली, त्याचा परिणाम आधीपेक्षा बराच जास्त. मोठ्या जंताला घेरायचा दुसरा रस्ता म्हणजे त्याला न मारता त्याच्या सोबत्याला मारायचं. डॉक्सिसायक्लिन हे जुनं, स्वस्त प्रतिजैविक जंताला काही करत नाही, वोल्बाकियाला मारतं. पण ते रोज, चार ते सहा आठवडे घ्यावं लागतं, गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत. एका रुग्णासाठी डॉक्टर ते लिहून देऊ शकतात. अख्ख्या गावाला महिनाभर रोज गोळी खाऊ घालणं कोणत्याही आरोग्य केंद्राला जमणारं नाही. म्हणून वोल्बाकियाला आठवड्याभरातच संपवेल असं औषध शोधायचे प्रयत्न चालू आहेत आणि काही रेणू माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचले आहेत.